'जेवण जात नाही' : प्रस्तावना

"जेवण जात नाही हो तिला."

बहरीनमधल्या माझ्या छोट्याशा खोलीत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही "मला जाड व्हायची भीती वाटते" हे वाक्य ऐकलेलं नाही. जात नाही, उतरत नाही, बघूनच पोट भरतं, खाल्लं की मळमळतं, गोडाचा वीट आलाय, आज संकष्टी आहे... आमच्याकडची मुलगी जेवण टाळते ती अशा शब्दांत. आहारविकारांवरची पुस्तकं मात्र आरसा, मासिकांतल्या बारीक मुली आणि जाडीची धास्ती इथून सुरू होतात. मग आई पुस्तक चाळते, "आमच्या हिचं असं काही नाही" म्हणते आणि मिटून ठेवते. हे पुस्तक तिनं मिटू नये, म्हणून ते 'जात नाही'पासून सुरू केलं आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, आहारतज्ज्ञ आहे. मनाच्या उपचारांवरच्या पुस्तकाला आहारतज्ज्ञ बाईनं प्रस्तावना का लिहावी, असं कोणी विचारलं तर उत्तरादाखल माझी एक चूक सांगावी लागेल. (तपशील थोडे फिरवले आहेत. बहरीन लहान आहे आणि इथला मराठी समाज त्याहून लहान.)

एक आई पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी हुशार, अबोल, अंगात शाळेचं जाड जाकीट. "हिला जरा नीट डाएट लावून द्या मॅडम, हल्ली मनानंच काहीबाही सोडत असते." मी तक्ता करून दिला. वाट्या, ग्रॅम, कॅलरी सगळं आखून. पंधरा दिवसांनी मुलगी आली तेव्हा वजन उतरलं होतं आणि तिनं वहीत प्रत्येक घास लिहिला होता. मी तिला शाबासकी दिली. तिचे हात बर्फासारखे गार होते, पण ते मी एसीच्या खाती जमा केलं. बहरीनमध्ये मे महिन्यातही माणसं स्वेटर घेऊन फिरतात, कारण बाहेर भट्टी आणि आत हिमालय. अंग लपवायला आणि सतत वाजणारी थंडी लपवायला याहून सोयीचा देश नसेल. पुढच्या महिन्यात ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी नाडी मोजली, मिनिटाला बेचाळीस. माझा तक्ता तिच्या दप्तरात होता, जेवणाच्या प्रत्येक वेळी त्यातलं निम्मंच खाऊन ती 'मॅडमनी सांगितलंय' असं घरी दाखवत असे. आजाराला मी माझ्या लेटरहेडवर शिफारसपत्र लिहून दिलं होतं.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले, आणि शिकवणारी माणसं शोधायला लागले.

या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७४च्या आपल्या निबंधात दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनी अशाच मुलींचं वर्णन केलं होतं. गल यांनी ठरावीक अंतरानं खाऊ घालण्यावर भर दिला, तो आजही बरोबर ठरतो. त्यांचं दुसरं मत मात्र शंभर वर्षं नडलं. अशा रोग्याजवळ नातेवाईक नसावेत, त्यांच्याइतकी वाईट सोबत नाही, असं त्यांना वाटे. पॅरिसचे शार्को तर मुलीला घरापासून तोडणं हाच उपचाराचा पाया मानत. पुढे विसाव्या शतकात मनोविश्लेषणाची चलती झाली आणि दोष थेट आईवर आला. आई फार जवळ, आई फार लांब, आई फार नीटनेटकी. आई कशीही असली तरी चुकलेलीच.

हे मत जगाच्या दुसऱ्या टोकाला आमच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण पोचलं खरं. समोर बसलेल्या मराठी आईबापांचा पहिला प्रश्न "हिला काय झालंय" हा नसतोच. "आमचं काय चुकलं?" हा असतो. बाप बहुधा खाली बघत असतो, आई वर.

१९८७ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या मंडळींनी, रसेल, श्मुक्लर, डेअर आणि आयस्लर यांनी, ८० रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष छापले. रुग्णालयात वजन थोडं सावरल्यावर काहींना एकट्यानं बोलण्याचे उपचार दिले, काहींना कुटुंबासह. ज्यांचा आजार एकोणिसाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासहचे उपचार स्पष्टपणे अधिक लाभले. ज्या आईबापांना शंभर वर्षं दाराबाहेर बसवलं होतं, तेच औषध निघाले. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रान्ज यांनी या पद्धतीची पायरीवार पोथी केली. २०१०मध्ये त्यांनी १२१ मुलामुलींवर केलेल्या चाचणीत, उपचार संपल्यानंतर वर्षभरानं कुटुंबाधारित गटातली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, तर एकट्यानं उपचार घेतलेल्या गटात २३ टक्के. अर्ध्याहून थोडी कमीच बरी झाली, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ही पद्धत काय सांगते? आजार का झाला याचा शोध तूर्त बाजूला ठेवा. आईबापांनी काय, किती आणि केव्हा खायचं हे ठरवावं, ताटाजवळ बसावं, वजन भरत आलं की खाण्याची सूत्रं थोडी थोडी मुलीच्या हाती परत द्यावीत, आणि मग अभ्यास, मैत्रिणी, घरातले ताण यांवर बोलावं. साधारण वीस बैठका, वर्षभराचं काम. दुसऱ्या बैठकीला सगळ्या घरानं जेवण घेऊन यायचं असतं आणि उपचारकासमोर जेवायचं असतं. मुलीनं ठरवलं असेल त्यापेक्षा एक घास जास्त तिला खाऊ घालणं, एवढंच त्या बैठकीचं काम.

हे वाचलं तेव्हा मी हसले. एक घास जास्त खाऊ घालणं हे मराठी आईला लंडनहून शिकवायचं? चिऊकाऊचे घास भरवत आख्खी जमात मोठी झाली आहे. पण डबा उघडून समोर बसलेलं कुटुंब पाहिलं की कळतं, आपल्याला येतं ते दुसरंच काही. आपल्याला येतं मनधरणी करणं. "माझ्यासाठी एक." "बाबा एवढी नाइट ड्यूटी करून येतात, त्यांना किती वाईट वाटतं बघ." "माझी शपथ आहे." मग पंधरा मिनिटांनी आवाज चढतो, आजी व्हिडिओ कॉलवर रडते, बाप उठून गॅलरीत जातो, आणि शेवटी "नको तर नको, कर काय करायचं ते." आजाराला हे सगळं रोजचंच पाठ असतं. शपथेला तो भीत नाही, रडण्याला तर नाहीच. त्याला अडचण होते ती कंटाळवाण्या, न चिडणाऱ्या, न हलणाऱ्या माणसाची, जो म्हणतो, "हे संपेपर्यंत मी इथे बसलोय. घाई नाही." आणि खरंच बसतो.

इथल्या एका कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या बापानं हे मला दाखवून दिलं. रात्रपाळी संपवून तो सकाळी घरी यायचा आणि न झोपता मुलीसमोर नाश्त्याला बसायचा. दोन पोळ्या, भाजी, तुपाचा चमचा, दूध. बोलणं क्रिकेटचं. दोन महिने. त्याला मानसशास्त्राचं एक पुस्तक माहीत नव्हतं, आणि मी पाहिलेल्या उपचारांत इतकं नेमकं काम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. तो भला होता म्हणून हे जमलं असं मात्र कोणी समजू नये. पहिल्या आठवड्यात त्यानं ताट भिंतीवर फेकलं होतं. जमलं ते शिकवल्यामुळे, आणि दर आठवड्याला कोणी तरी "या आठवड्यात कुठे अडलं?" असं विचारत राहिल्यामुळे.

आधी खाणं, मग बोलणं, हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. आधी मनातलं काढा, मग ती आपोआप जेवेल, अशी आपली समजूत. तिच्यावर उतारा म्हणून मी एक जुना प्रयोग सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपाला पुन्हा खायला कसं घालायचं हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण मनानंही सुदृढ म्हणून निवडलेले होते. वजन चौथ्या हिश्शानं घटलं तेव्हा ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, अन्नाचे कण करून तासन्‌तास ताटाशी बसू लागले, चिडचिडे झाले, मित्र टाळू लागले, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणं थांबवताच येईना. म्हणजे ज्याला आपण त्या मुलीचा स्वभाव, हट्ट, एकलकोंडेपणा म्हणतो, त्यातला मोठा भाग उपाशी मेंदूचा असतो. त्या मेंदूशी तात्त्विक चर्चा करणं म्हणजे तापात बडबडणाऱ्याशी वाद घालणं. (खूप दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं. रक्तातलं फॉस्फरस घसरतं, हृदय दगा देतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.)

आता भाषेकडे येते. माझ्या मते उपचार सुधारण्याची सगळ्यात मोठी जागा इथे आहे.

आहारविकारांची चाळणी लावायला जगभर ईट-२६ नावाची सव्वीस वाक्यांची प्रश्नावली वापरतात. कॅनडात गार्नर आणि गारफिंकेल यांनी ती केली, आजचं रूप १९८२चं. वीस किंवा जास्त गुण मिळाले की पुढे तपासा. १९८९मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या एका गावातल्या शाळकरी मुलींवर ती लावून पाहिली, तेव्हा गुण भरपूर आले, पण चौकशी करता काही वाक्यांचा अर्थच मुलींनी वेगळा घेतल्याचं दिसलं. स्वाभाविक आहे. 'मी अन्नाचे लहान तुकडे करते' याला हाताने पोळी तोडून खाणारी कोणती मुलगी नाही म्हणेल? उपासाबद्दल विचारलंत तर श्रावणात आख्खं घर 'विकारी' ठरेल.

उलट बाजूही आहे. १९९५ साली दिल्लीच्या एम्समधल्या खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी अशा पाच तरुणींची हकिगत लिहिली, ज्यांनी जेवण टाकलं होतं, वजन धोक्याइतकं उतरलं होतं, पण जाडीच्या भीतीचा उल्लेख नव्हता. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांना नव्वदीच्या दशकात असेच रुग्ण दिसले. ते पोट फुगण्याची तक्रार करत. म्हणजे पाश्चात्त्य प्रश्न विचारले तर निरोगी मुलगी आजारी ठरते आणि आजारी मुलगी निसटते. म्हणून या पुस्तकात प्रश्नावलीचा नुसता मराठी तर्जुमा दिलेला नाही. घरात बोलतात तसे प्रश्न दिले आहेत. डब्यातलं कोणाला देतेस? सगळ्यांच्या आधी जेवून झालं असं किती वेळा सांगतेस? जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये पाणी सोडून ठेवतेस का?

उपासाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहरीनमध्ये आमच्या मुलींना उपाशी राहायला दोन दोन पंचांगं मदत करतात. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे घरचं, आणि रमजान हे शेजारचं. रमजानच्या महिन्यात दिवसा चारचौघांत कोणी खात नाही, कामाचे तास घटतात, रात्री उशिरापर्यंत ग़बगाच्या पंगती चालतात. वर्गातल्या मैत्रिणी रोजे धरतात, आमची मुलगी म्हणते "मी पण त्यांच्यासोबत", आणि घरच्यांना ते कौतुकाचं वाटतं. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी २०१४मध्ये अशा सहा किशोरवयीन मुलांची नोंद केली, ज्यांचा आहारविकार रमजानच्या उपासात सुरू झाला किंवा उफाळला. इस्लाम आजाऱ्याला रोज्यातून सूट देतो. पण या आजाराची गंमत अशी की तो रोग्याला आजारी वाटूच देत नाही, मग सूट मागणार कोण? बहरीनी कुटुंबांच्या बाबतीत या प्रश्नावर धर्म जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा शब्द उपचारकाच्या शब्दापेक्षा जड असतो, आणि त्याची मदत न घेणं हा अहंकार होय.

मग उपास आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा? मी एकच खूण सांगते. आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून चेष्टा करतात. ती चेष्टा ज्याला लागू पडते तो माणूस ठणठणीत आहे. निरोगी माणूस साबुदाण्याच्या खिचडीची, पारण्याची, इफ्तारच्या खजुराची वाट बघतो. ज्या मुलीला उपास सुटण्याची भीती वाटते, तिच्याकडे लक्ष द्या.

बहरीनमध्ये या विषयावर काहीच काम झालेलं नाही, असा इथल्या भारतीयांचा समज असतो. तो बरोबर नाही. इथल्या अरब सेंटर फॉर न्यूट्रिशनचे डॉ. अब्दुलरहमान मुसैगर यांनी सहकाऱ्यांसह सात अरब देशांतल्या किशोरवयीन मुलामुलींची पाहणी करून २०१३ साली दाखवलं की लठ्ठ मुलामुलींत बिघडलेल्या खाण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह घरोघरी असलेल्या या देशात हा निष्कर्ष फार मोलाचा. इथे वजन उतरलं की डॉक्टर, शिक्षक, शेजारीण सगळे टाळ्या वाजवतात. कसं उतरलं, हे कोणी विचारत नाही. पूर्वी जाड असलेली मुलगी सहा महिन्यांत वीस किलो घटवते, अजूनही 'बारीक' दिसत नाही, आणि आतून तितकीच उपाशी असते. माझी ती पहिली मुलगी अशीच होती. तसंच बहरीनचे हैथम जहरामी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरची १९ संशोधनं एकत्र तपासली. दर दहातल्या सुमारे एकाला आहारविकाराचा धोका निघाला. उद्या जे उपचार करणार, त्यांच्यातलीच ही माणसं.

मुलग्यांबद्दल पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे, ते वाचा. इथे एवढंच सांगते की जिमची पावडर आणि सोडलेला भात यांच्यामागे काय चाललंय हे आम्ही फार उशिरा विचारतो.

सज्ञान रुग्णांची गोष्ट वेगळी, विशेषतः बुलिमियाची, म्हणजे भसाभसा खाणं आणि मग ओकून काढणं. या आजाराला नाव मिळालं १९७९मध्ये, गेराल्ड रसेल यांच्याकडून. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्यावर जी सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचाराची, पद्धत बसवली तिचं पहिलं पाऊल लाजिरवाणं साधं आहे. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, चार तासांहून मोठी फट नको. दिवसभर उपाशी राहणाऱ्याचाच रात्री फ्रिजपुढे तोल जातो. खोलीत एकटी राहणारी नोकरदार मुलगी, फोनवर मागवलेलं तीन माणसांचं जेवण, सकाळी रिकामे डबे कचऱ्यात खाली दडपलेले. तिला 'मनावर ताबा ठेव' सांगणारे पुष्कळ भेटतात. 'सकाळी आठला नाश्ता कर' हे सांगणारं कोणी भेटत नाही.

आता आम्हा उपचार करणाऱ्यांबद्दल. इंग्लंडचे ग्लेन वॉलर यांनी २००९मध्ये एक अप्रिय गोष्ट लिहिली. पद्धत माहीत असूनही उपचारक तिच्यापासून हळूहळू सरकत जातात. रोगी चिडेल, रडेल म्हणून वजन करत नाहीत, जेवणाची वही बघत नाहीत, गप्पा मारत बसतात. रोगी नाराज होत नाही, उपचारकाला बरं वाटतं, आजारालाही बरं वाटतं. मी हे केलेलं आहे. कित्येक गुरुवारी वजनकाटा कोपऱ्यातच राहिला. तो पुढे ओढला तेव्हा खिशातली नाणी सापडली, आणि वजनाआधी प्यायलेलं लिटरभर पाणीही कबूल झालं. नवी औषधं, नव्या पद्धती येतील तेव्हा येतील. आहे ती पद्धत न चुकवता पाळणं हीसुद्धा सुधारणाच आहे, आणि तिला खर्च नाही.

परदेशातल्या कुटुंबांची एक अडचण मात्र पंचांगाची आहे. उन्हाळ्यात शाळा सुटली की मुलं भारतात जातात. दोन महिने पुण्याला किंवा कोल्हापूरला. वजन कोण करणार, ताटाशी कोण बसणार, हे ठरलेलं नसतं. काकू म्हणते "काय बारीक झालीस गं, छान दिसतेस", आणि वर्षभराचं काम विमानतळावरच सांडतं. म्हणून शेवटच्या प्रकरणात आजीसाठी एक पानाचं पत्र दिलं आहे. ते फाडून घेऊन जा. बोलायचं काय आणि कशावर अजिबात बोलायचं नाही, हे त्यात ठळक अक्षरांत आहे. दुसरी अडचण भीतीची. मानसोपचार रुग्णालय म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, लग्नाचा विचार पुढे येतो. त्या भीतीवर माझ्याकडे तोड नाही. एवढं सांगते की मनाच्या सगळ्या आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. आणि लवकर धरला तर तो पुष्कळदा सुटतो.

आणि एक. तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा उभं राहताना चक्कर येऊन पडत असेल, जागेपणी नाडी पन्नासच्या खाली असेल, वारंवार उलट्या करत असेल किंवा पाणीही बंद केलं असेल, तर ही प्रस्तावना इथेच सोडा. बहरीनमध्ये असाल तर ९९९ला फोन करा, नाही तर जवळचा आपत्कालीन विभाग गाठा. हे पुस्तक पुढच्या आठवड्यात वाचता येईल.